मास्तरांनी ठेवलेलं नाव

ग्रीसमधल्या थीवा गावात मुलाचं नाव ठेवायचा मान धर्मपित्याचा. त्यामुळे लांब्रोस पंपवाल्याच्या मुलीचं नाव काय असणार, हे बाप्तिस्म्याच्या दिवशी क्लेओमेनिस मास्तरांनी तोंड उघडेपर्यंत तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. मास्तर शाळेत प्राचीन ग्रीक शिकवायचे. "योकास्ती," ते खणखणीत आवाजात म्हणाले. पाद्रीबाबांच्या भुवया चढल्या, आजीनं छातीवर क्रूस काढला, पण एकदा उच्चारलेलं नाव मागे घेणार कोण?

मुलीला नावाचं काहीच वाटत नसे. मास्तरांवर तिचा भारी जीव. दर ईस्टरला ते तिला नवे बूट आणायचे, शेजारी बसवून अक्षरं गिरवून घ्यायचे. ती त्यांना 'नोने' म्हणायची. तिकडे धर्मपित्याला तसंच म्हणतात. नववीत मात्र वर्गात ती जुनी कथा वाचायला आली. याच गावची एक राणी नकळत स्वतःच्याच मुलाशी लग्न करून बसली आणि कळल्यावर तिनं गळफास घेतला. राणीचं नाव योकास्ती. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "हिचं बरंय बुवा! आधी मुलगा होऊ द्यायचा, मग नवरा शोधायची कटकट नाही!" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. पुढची तीन वर्षं तो विनोद काही शिळा झाला नाही.

अठरा वर्षांची झाल्यावर ती पिरेअसला गेली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली आणि विचारलं की "तासिया" सांगू लागली. तिथेच तिला स्तेलिओस भेटला. बोटीवरचा इंजिन मिस्त्री, सरळ माणूस. पण विधवा आईचा एकुलता एक मुलगा. आई आणि मुलगा अशा दोघांच्याच घरात आता खरं नाव सांगायची तर सोयच उरली नाही.

साखरपुडा स्तेलिओसच्या घरी ठरला. 'तासिया'च म्हणायचं, असं तिनं आईबापांना आधीच पढवून ठेवलं.

"आणि नोनेंना बोलावू नका," ती म्हणाली.

"अगं, धर्मपिता आहे तो तुझा!" लांब्रोस चिडला.

"मी नंतर भेटेन ना त्यांना!"

पण बाजारात आईच्या तोंडून गोष्ट निसटली, आणि साखरपुड्याच्या दिवशी मास्तर सकाळच्या बसनं हजर झाले. गळ्यात टाय, हातात बदामाच्या मिठाईचा डबा. "कुठंय माझी योकास्ती?" दारातूनच त्यांचा वर्गातला आवाज घुमला.

तिची होणारी सासू, एव्दोक्सियाबाई, हातात सरबताचा पेला घेऊन जागीच थबकली. "कोण योकास्ती?"

योकास्तीच्या तोंडून शब्द कसे निघाले ते तिचं तिलाच कळलं नाही. "आमच्या गावचे जुने मास्तर आहेत. हल्ली त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. दिसेल त्या मुलीला कसल्याशा नावानं हाक मारतात."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एखादी ओळ वाचायला लागतो तेवढाच. मग त्यांचे खांदे खाली आले. "हो, हो," ते पुटपुटले. "विसरतो मी. हे... हे कुठलं गाव म्हणायचं?"

हजारो ओळी तोंडपाठ असलेला तो माणूस. एव्दोक्सियाबाईनं त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यात बसवलं, गळ्याशी रुमाल अडकवला आणि लहान मुलाला भरवावं तशी मुरंब्याची फोड चमच्यानं त्यांना भरवली. "खा हं, आजोबा. सांडू नका." त्यांनी निमूट खाल्ली. लांब्रोस आपल्या बुटांकडे बघत राहिला. योकास्तीच्या बोटात अंगठी चढली तेव्हा तिचे कान जळत होते, आणि अभिनंदन करणारा प्रत्येक जण तिला चपराक मारून जात होता.

लग्नासाठी चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागतो. तीन आठवड्यांनी तिथल्या पाद्रीबाबांनी तो मोठ्यानं वाचला. एव्दोक्सियाबाई शेजारीच उभी होती.

"म्हणजे त्यांचं डोकं ठिकाणावर होतं तर," ती बाहेर पायरीवर थांबून म्हणाली.

"नावाची लाज वाटायची मला. तुम्ही काय म्हणाल म्हणून..."

"नावाला काय चाटायचंय, पोरी? मी त्या माणसाला भरवलं! शाळामास्तराच्या गळ्याला रुमाल बांधला! आणि तू बघत उभी राहिलीस!" तिचा आवाज फाटला. "जा आधी त्यांच्याकडे."

योकास्ती थीवाला गेली तेव्हा तिला पुढचं कळलं. एव्दोक्सियाबाईच्या शेजारणीचं माहेर थीवाचं. मास्तर वेडावले ही बातमी तिच्यामार्फत केव्हाच गावात पोचली होती. निवृत्तीनंतर मास्तर घरी सात मुलांना शिकवायचे. सातही मुलांच्या आयांनी मुलं पाठवायची बंद केली होती. मास्तरांनी एकाही दारात जाऊन खुलासा केला नव्हता. खुलासा करायचा तर योकास्तीचं नाव घ्यावं लागलं असतं.

ते चौकातल्या कॉफीच्या दुकानात एकटेच बसले होते. तिथे बायका सहसा जात नसत. ती आत शिरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मास्तरांना काही झालेलं नाही. मी खोटं बोलले. मला माझ्या नावाची लाज वाटत होती."

पत्ते खेळणारे थांबले. एक जण म्हणाला, "आम्हाला कशाला सांगतेस बाई, त्यांना सांग."

"बस खाली," मास्तर म्हणाले. ती रडत बसली. आपला पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवून ते बोलले, "ते नाव मी तुझ्यासाठी ठेवलंच नव्हतं. पाद्र्यासमोर माझी विद्वत्ता मिरवायची होती. वर्गात तुला हसायचे, तेही माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प राहिलो. आपल्या चुकीची लाज वाटली की माणूस गप्प राहतो."

"मग लग्नात धर्मपिता म्हणून तुम्ही उभे राहाल ना, नोने?"

"येईन. पण नवरानवरीच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल करायचा तो मान दुसऱ्याला दे. लोकांनी माझ्या हातांकडे बघत राहावं, हे आता सोसवत नाही मला."

ते आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. पाद्रीबाबांनी 'योकास्ती' म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही. एव्दोक्सियाबाई मास्तरांजवळ जाऊन उभी राहिली. मान वर करायचं मात्र तिला जमलं नाही. सातांपैकी दोन मुलं परत शिकायला आली.

चार वर्षांनी मास्तर गेले. दफनानंतर कॉफी पिताना एक बाई हळहळली, "हुशार माणूस हो, पण शेवटी शेवटी भ्रम झाला होता बिचाऱ्यांना."

"नव्हता झाला," योकास्ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगू लागली.