उजव्या अंगाला बसलेली गाडी

नव्या स्प्रिंगा घालून गाडी जॅकवरनं खाली उतरली. हरणाबाईचा आवाज सगळ्या गॅरेजनं ऐकला.

"आरं मिस्त्री, गाडी दिली व्हती का लंगडी मेंढी?"

मागनं डावं अंग वर, उजवं खाली. डाव्या चाकाच्या वरच्या फटीत अख्खा पंजा जात होता, उजव्यावर नुसती बोटं. जुन्या स्प्रिंगा होत्या तेव्हा गाडीचं सगळं बूडच टेकलेलं, त्यात वाकडं-सरळ दिसणार काय? नव्यांनी गाडी उचलली आणि वाकडेपण उघडं पडलं.

गाडी हरणाबाईच्या मालकाची, नवऱ्याची. तो गेल्यावर लेक इंद्रजित वापरायचा. विश्रामबागेत नोकरी होती त्याची, म्हणून काम सांगलीत काढलेलं. पण म्हातारी गावाकडनं जातीनं आली होती, कारण उद्या म्हसवडला भावकीची बैठक बसायची होती आणि ती तिनंच बसवली होती. घराण्याचा देव बिरोबा म्हणजे एक काळा दगड. मेंढरांबरोबर घोड्यावरनं पार कोकणापर्यंत फिरलेला. मालक गेला त्याच साली तो दिसेनासा झाला. धाकट्या दिरानं, तानाजीनं नेला, असं हरणाबाईनं लग्नात, जत्रेत, पाण्याच्या टाकीपाशी सांगून सांगून खरं केलं होतं. उद्या तानाजीला भावकीतनं काढायचा. आणि त्या दिवशी ती काय असल्या वाकड्या गाडीतनं उतरणार?

आप्पासो मिस्त्रीनं डावी स्प्रिंग उजवीकडं घातली, उजवी डावीकडं. गाडी खाली घेतली. परत उजवीकडंच बसली.

"स्प्रिंगांत खोट न्हाई, आज्जी. वजन हाय कुठंतरी. डिकीत काय भरलंय?"

"माझं माहेर भरलंय! काय असणार?"

"आबांनी जायच्या आधी उजव्या कोपऱ्यात एक दगड बांधून ठेवलाय," इंद्रजित म्हणाला. "मागनं गाडी हलकी, खड्ड्यात उडती, म्हणून असंल. मी कधी हलवला न्हाई."

दोघांनी मिळून ते गाठोडं बाहेर काढलं. वर गोणपाट, आत घोंगडं, आणि वरनं आवळलेली सुताड्याची दोरी. हरणाबाईची नजर गाठीवर गेली. घोड्यावरचं ओझं आवळायची ती गाठ. तशी गाठ तिच्या मालकाशिवाय घरात कुणाला येत नव्हती.

"थांबा. हात लावू नका."

तिनं स्वतः सोडली. घोंगड्याची घडी उलगडली तशी ओंजळभर भंडारा भुईवर सांडला, आणि त्यात काळा, तेलकट, डोळे लावलेला बिरोबा.

"आज्जी, बघा की, गाडी सरळ झाली!" आप्पासो म्हणाला. गाडीकडं कुणीच बघितलं नाही.

हरणाबाई पडलेल्या टायरवर मटकन बसली. मेंढरं विकली, घोडा विकला, तेव्हा मालक म्हणाला होता, "देव फिरता हाय. त्येला चार भिंतीत कोंडायचा न्हाई." म्हाताऱ्याची बडबड म्हणून तिनं कानाआड केलं. मग त्याच्या अंगावरनं वारं गेलं, वाचा बसली. शेवटचे दिवस तो अंगणातल्या गाडीकडं सारखा हात करायचा. "फिराय जायचंय व्हय? आधी उठून तर बसा!" असं म्हणून तिनंच तो हात वाकळंखाली दाबला होता.

इंद्रजित घोंगडं ओढून देव झाकायला लागला. वसतिगृहात वाढलेला पोरगा, देव त्यानं कायम झाकलेलाच बघितला होता. तो हळूच म्हणाला, "आई, कुणाला कळायचं न्हाई. गुपचूप देव्हाऱ्यात ठेवू. बैठक मोडू."

"आन तानाजी?"

इंद्रजितनं सांडलेला भंडारा गोळा करायला घेतला.

"चोर म्हणताना समदा मुलूख गोळा केला, आन आता गुपचूप? गाडी काढ. त्येची दिघंची म्हसवडच्या वाटंवरच हाय."

देव मागच्या सीटवर मधोमध बसवला. विटा गेलं, आटपाडी गेली. म्हातारी वाटभर ओठांतल्या ओठांत बोलणं जुळवत होती.

तानाजी दारात करडाला पाला घालत होता. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

"काय वैनी? उद्यापातूर दम निघंना व्हय?"

"देव घावला, भावजी."

"कुणाकडं?"

जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "माज्याकडं. माज्याच बुडाखाली व्हता, डिकीत. त्येच गाडीतनं मी गावोगाव तुमास्नी चोर म्हणत फिरले."

तानाजीनं हातातला पाला खाली टाकला. गाडीपाशी जाऊन त्यानं काचेतनं आत बघितलं. डोक्याचा पटका काढून काखेत धरला.

"दादा बोलला न्हाई?"

"वाचा गेल्ती. हात करत व्हता. मी हात दाबला."

तानाजी चाकाला टेकून भुईवरच बसला. "उद्या भावकीसमोर तुमास्नी काय काय शिव्या घालायच्या ते पाठ करून ठेवलं व्हतं, वैनी. आता कुणाला घालू?"

"मलाच घाला की. भावकी मी मोडत न्हाई. उद्या बसू दे समद्यास्नी. देव मधी ठेवते, आन झालं तसं सांगते. मग तुमी उठा आन घाला. एक बी गाळू नका."

तानाजीनं मान वर केली. एवढ्या वर्षांत ह्या बाईनं आपल्यापुढं कुणाचा साधा आवाज चढू दिला नव्हता. त्यानं सरकून तिला शेजारी बसायला जागा केली.