आठ तुकड्यांचा शब्द

संगमेश गेल्याला तीन दिवस झाले, तरी सौंदर्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हॉलंडात सायकलवरून कामाला जाताना नवऱ्याला ट्रकनं उडवलं. देह इकडं आणण्यासारखा राहिला नाही, तिकडंच उरका, असं डॉक्टरांनी कळवलं. राजारामपुरीतल्या फ्लॅटात माणसं येत होती, जात होती, आणि ही आपली भिंतीला टेकून बसलेली.

तिसऱ्या दुपारी घोटाळा कळला. सासऱ्यांनी, प्रभुलिंगांनी, तिकडून आलेल्या अंत्यविधीच्या फॉर्मवर धर्म 'हिंदू' लिहून फॅक्स केलेला. जन्मभर सगळ्या कागदांवर तेच लिहीत आलेला माणूस, दुसरं काय लिहिणार? पण ते वाचून तिकडच्यांनी दहन ठरवलं, उद्या सकाळी. लिंगायताच्या पोराला जाळायचं! आपल्यात माती देतात, हे त्या लोकांना सांगायचं कुणी? संगमेशचा मित्र फोन उचलत नव्हता, आणि अंत्यविधीवाल्या म्हाताऱ्याला इंग्रजीचा गंध नव्हता.

"सौंदर्या, तूच बोल बाळ," सासरे म्हणाले. "तुला येतंय की थोडं."

येत होतं, ते परीक्षेपुरतं. नवऱ्याकडं जायचं तर डच भाषेची परीक्षा, तीही फोनवर. पुढच्या महिन्यात मुंबईला, त्यांच्या वकिलातीत होती. दर रविवारी संगमेश फोनवरून शिकवायचा. लांब शब्दाला भ्यायचं नाही, म्हणायचा, जोड कुठं हाय ते बघ आणि उसासारखी कांडी कर.

तिनं डिक्शनरी उघडली. अंत्यविधीवाल्यासाठीचा डच शब्द निम्मी ओळ खाऊन बसलेला. पेन्सिलनं तिनं मधली जोड तोडली. बेख्राफेनिस म्हणजे दफन, ऑन्दरनेमर म्हणजे ते काम अंगावर घेणारा. मग एकेक कांडं: बे, ख्रा, फे, निस, ऑन, दर, ने, मर. 'ख्रा'ला घसा खरवडायचा, 'ने' लांबवायचा, शेवट हलका सोडायचा. अकरा वेळा म्हणून झालं. आपण हे कुणासाठी म्हणतोय, हे एकदाही मनात आलं नाही. सासरे मात्र दाराशी उभे राहून डोळे पुसत होते.

फोन लागला. तो शब्द तिनं सबंध, न अडखळता म्हटला. मीच तो, पलीकडचा म्हातारा म्हणाला. तिनं संगमेशचं नाव सांगितलं. जाळू नका, मातीत ठेवा, एवढंच दोनदा सांगितलं. त्यानं विचारून खात्री केली, लिहून घेतलं, दफनच करू म्हणाला.

मग बिचारा सहज बोलून गेला, "भाषा छान बोलता हो. इकडं कधी येताय?"

परीक्षेच्या सरावाच्या कॅसेटवर हा प्रश्न होता, उत्तरासकट. तिच्या तोंडानं ते आपसूक दिलं.

"बिननकॉर्ट." लवकरच.

तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"माती देणार म्हणाला, मामा," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसून तिनं हंबरडा फोडला.