रंजीताच्या हातचं तिखट

मालेगावच्या बाजारात गोपीचंदच्या शेतातली मिरची खपायची ती त्याच्या तोंडामुळे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हा गडी ढिगातली एक हिरवीगार मिरची उचलायचा, कचाकचा चावायचा आणि म्हणायचा, "पाहा, अशी झणझणीत मिरची दुसरीकडं भेटली तर सांगा मले!" त्या तोंडात आणखी एक गोष्ट असायची, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पुडी, दिवसातून आठदा. पण तिच्याकडे कोण बघतो!

वर्षभरापूर्वी जेवताना त्याचं तोंड भाजायला लागलं, बाजारात मिरची चावणंही सुटलं. झालं, खापर फुटलं बायकोवर. "रंजीता, भाजीत तिखट काहून कोंबून राह्यली? मले मारतं काय?" पाहुण्यांदेखत, बांधावर, सापडेल तिथं हेच. ती बिचारी मिरची कमी करत गेली.

एक दिवस तर त्यानं वरणाची वाटीच भिरकावायला उचलली. रंजीतानं ती हातातून घेतली आणि घटाघटा पिऊन दाखवली.

"अवो, तीन महिने झाले, या घरात फोडणीले मिरची नाई. नुसती हळद अन् मीठ. मीबी हेच गिळून राह्यली. तोंड कायनं जळते, ते आता तुमीच पाहा."

मिरची पिकवणाऱ्याच्या घरात मिरची नाही, आणि गोपीचंदला पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी दोघं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी त्याचे काळे पडलेले दात पाहिले, गाल आतून चाचपले आणि म्हणाल्या, "तीन बोटं उभी घाला तोंडात." दीडच गेलं; तोंड त्याहून उघडेचना.

"खर्ऱ्यानं गाल आतून ताठ झालेत, तोंड जळतं तेही त्यानंच. आज सोडलात तर हे इथंच थांबायची आशा आहे. नाहीतर पुढं कॅन्सरची भीती. तोंड आखडलं ते मात्र पूर्ण पहिल्यासारखं होत नाही."

एसटीची वाट बघताना त्याचा हात सवयीनं खिशात गेला, पुडी निघाली. रंजीतानं नजर रस्त्याकडेच ठेवली, हे फार बरं झालं. बोलली असती तर भांडण काढून त्यानं ती खाल्लीही असती. डॉक्टरीणबाईंचा कॅन्सर हा शब्द आठवला आणि तो घाबरला. पुडी त्यानं नालीत फेकली.

त्या संध्याकाळी त्यानं स्वतः मिरच्या भाजल्या, ठेचा केला आणि बायकोच्या ताटात वाढला.

"खाय. वर्षभर तुले उगाच बोललो."

रंजीतानं भाकरीला लावून घास घेतला आणि हा-हू करत, डोळे पुसत खळखळून हसली. गोपीचंदही हसायला गेला. तोंड दीड बोटच उघडलं.