तीन रेघा

छप्पन्न सालच्या शर्यतीत अल्सीदकाकांनी टेलिफोन माझ्याकडे दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. "कान गरम होतो गं त्यानं," म्हणाले. मी मुकाट्यानं घेतला.

ज्युराच्या डोंगरातल्या आमच्या मोटारींच्या घाटशर्यतीची वेळ ते बावीस वर्षं लावत होते. गाडी खाली गावातून सुटायची, सुटल्याचा इशारा टेलिफोनवर वरच्या टेबलाशी यायचा आणि काका बटण दाबायचे. गाडीनं शेवटची रेषा ओलांडली की पुन्हा दाबायचे. मग ते आकडा सांगत, आणि तिथं विषय संपे. तेव्हापासून इशारा मी ऐकून हात खाली आणायचा आणि तो बघून काकांनी बटण दाबायचं, एवढाच फरक झाला होता. एरवी मी एग्लांतीन घड्याळांच्या कारखान्यात केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा जुळवायचे. आमच्या खोऱ्यात निम्मं काम कानानंच चालतं.

अठ्ठावन्न सालात रेषेवरच्या कापडावर एग्लांतीनचं नाव हातभर अक्षरांत झळकत होतं, कारण कारखान्याचं नवं घड्याळ शर्यतीत पहिल्यांदाच उतरलं होतं. जुन्याच्या तबकडीवर सेकंदाचे पाच भाग होते, नव्याच्या दहा. म्हणजे जुन्यात एक रेघ दोन दशांशांची, नव्यात एकाची. डबी मात्र तीच, पांढरी तबकडीही तशीच, रेघा मोजल्याशिवाय फरक कळू नये अशी. गाड्या लागोपाठ सुटत, म्हणून दोन्ही घड्याळं आलटून पालटून वापरायची. हातात कुठलं आलंय ते काका कानाशी लावून ओळखत. जुनं टिकटिक करायचं, नवं गुणगुणायचं.

शेवटची गाडी ऑरेल जिगांदेची होती. ऑरेल आमच्याच गावचा मेकॅनिक. त्याआधी जिनेव्हाच्या एका वकिलानं चार मिनिटं, बारा सेकंद आणि चार दशांशांत घाट चढला होता. जिंकेल त्याला पुढच्या मोसमात एका मोटार कारखान्याची गाडी चालवायला मिळणार होती. वकिलाकडे अशा दोन होत्या. ऑरेलला आयुष्यात अशी संधी दुसरी मिळाली नसती.

काकांनी घड्याळ कानाला लावलं, मान डोलावली. मी हात खाली आणला. चार मिनिटं आम्ही वळणाकडे डोळे लावून बसलो, मग ऑरेल धुरळा उडवत गेला.

"चार, बारा, सहा," काका म्हणाले.

मी लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. त्या चार मिनिटांच्या शांततेत मला टिकटिक ऐकू आली नव्हती. तेवढा वेळ काकांच्या मुठीत घड्याळ गुणगुणत होतं.

तक्रारीला अर्धा तास असायचा, तोवर शेवटचं घड्याळ शून्यावर आणायचं नाही असा नियम होता. ऑरेलचे मित्र त्याच्या मागे लागले होते. "अरे, तक्रार तरी कर. वर येताना वाऱ्यासारखा होतास."

ऑरेल चिंधीला हात पुसत म्हणाला, "काका सहा म्हणाले म्हणजे सहा. मीच कुठेतरी ढिला पडलो असेन."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी गप्प बसले असते, हे कबूल करते. पण त्याच्या त्या बोलण्यानं मला बसवेना.

"काका, हे कुठलं घड्याळ?" मी विचारलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहिलं. मी कागदावर लिहिलं: नवं. तीन रेघा.

त्यांनी तबकडी डोळ्यांजवळ धरून रेघा मोजल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. लोकांच्या ओठांवर भागवतोय."

"मग कानाला कशाला लावता?"

"सगळे बघत असतात ना."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. तेवढ्यात कारखान्याचे संचालक पेरोशे आले. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात टाकला. "आज नव्या घड्याळाचा पहिला दिवस आहे. उद्या लोक म्हणतील, एग्लांतीन चुकलं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ओदेत, सोमवारी कामावर यायचंय ना तुला?"

काकांनी उठून ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"घड्याळ बरोबर होतं," ते नको इतक्या मोठ्यानं बोलले. "तीन रेघा होत्या, मी त्यांचे सहा दशांश केले. खरे तीन. ऑरेल जिंकला. मला ऐकू येत नाही."

घड्याळं करणाऱ्या गावात हे असं सांगणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. बायकासुद्धा कुजबुजल्या नाहीत. काका एकेक चेहरा बघत उभे होते.

ऑरेल टेबलापाशी आला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो खाली बघून काहीतरी पुटपुटला. काका माझ्याकडे वळले.

"काय म्हणतोय?"

ऑरेल म्हणाला होता, "मग माझ्या गेल्या वर्षीच्या वेळा तरी खऱ्या का?"

गेल्या वर्षी एकच जातीचं घड्याळ होतं, तिथं चूक होणं शक्यच नव्हतं. पण हे त्याला कुणी आणि कसं पटवायचं? मी काकांकडे बघून सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "आभार मानतोय तुमचे."

काकांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. दुपारी मोटारसायकलींची शर्यत होती.

"आता बटण तू दाबायचं," ते म्हणाले. "आणि आकडा जसा असेल तसाच सांगायचा, पोरी. ऑरेलचेही ओठ मला दिसत होते."