बांधावरचं परकं झुडूप

बांधावरच्या झुडपाला मी चार महिने रोज दोन घागरी पाणी घातलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाण्याआधी आठवडाभर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून ते आणून लावलं होतं. जांभळी फुलं आली तशा मी फांद्या तोडून गावात वाटल्या. अण्णांची आठवण म्हणून, अकरा घरी.

मग पाहणीवाला आला. कुठल्या परक्या तणाने देशात कुठवर पाय पसरलेत, त्याचा नकाशा करत तो गावोगाव फिरत होता. झुडपापाशी येऊन त्याने टोपी काढली. मला वाटलं, अण्णांसाठी.

"ताई, हे फार वाईट तण. फांदी मातीला टेकली की मूळ धरते. या भागात आजवर एक ठिपका नव्हता."

"एक कशाला, बारा काढ," आत्या म्हणाली. "आमच्या विदुषीने घरपोच दिलंय. वर खताची मूठ फुकट."

घरात माझी झाडांवरची सात पुस्तकं आहेत. एकही उघडलं नव्हतं.

कुदळ घेऊन आम्ही दारोदार फिरलो.

"दिलेली आठवण परत मागतेस?" शिंपीणकाकू चिडल्या.

"आठवण ठेवा काकू, झाड तेवढं द्या."

बांधावरचं शेवटी उरलं. बघायला निम्मं गाव जमलं. मी बुंधा धरला आणि नुसतीच उभी राहिले. आत्या पदर खोचून पलीकडून ओढायला लागली, तेव्हा माझेही हात हलले. मुळासकट निघालं.

पाहणीवाल्याने वही उघडली. "पहिलं रोप कोणी आणलं?"

अण्णांनी चाळीस वर्षं या लोकांना त्यांच्या रानातल्या तणावरून बोल लावले होते. रोप त्यांनीच आणलं, हे फक्त आत्याला आणि मला ठाऊक होतं. सगळे कान देऊन उभे होते.

"मी," मी म्हणाले. "रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी जीव मुठीत धरून उभी. आता कोणीतरी म्हणणार, छे, ही कशी आणेल? खोदून विचारलं तर काय सांगायचं, तेही मनात जुळवून ठेवलं.

"मला पहिल्यापासून वाटतच होतं," सुतारकाका म्हणाले.

"अण्णा असते तर हिला आणूच दिलं नसतं," शिंपीणकाकू म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही शंका आली नाही.