संशयी काट्याचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना, काट्याचा मीटर आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. वीज मोजणाऱ्याने तो ठेवूच नये. माझी उमेदीची वर्षं प्लोव्हदिव्ह शहरातल्या एका रेडिओ क्लबात गेली. तिथे सगळे मला नेमका म्हणून वाखाणायचे. क्लब बंद पडला आणि माझी रवानगी रविवारच्या बाजारात, जुन्या वस्तू विकणाऱ्या क्रुमच्या चादरीवर झाली. शेजारी मोडके रिमोट आणि कथलाने तारा जोडायची, सोल्डरिंगची जुनी आयर्नं. समोर थांबणारा प्रत्येक जण मला लबाड वाटायचा. बरेचसे असायचेच.

एकदा स्तामेनाकाकू आल्या. नवऱ्यामागे राहिलेला त्याचा वाल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलता करायचा त्यांनी चंग बांधला होता. त्यांनी एक आयर्न उचललं.

"टोकाचा कोळसा झालाय रे! याला कथील धरेल तरी का?"

क्रुमने दुसरं दिलं. मग काकूंनी मला पालथं घातलं आणि पाठीचा स्क्रूच काढला. मी लाजेने अर्धा झालो. आत फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती.

"आपल्याकडे सगळेच तार लावतात, काकू," क्रुम म्हणाला. "फ्यूज उडतो, तार उडत नाही."

"हो का? म्हणजे फ्यूजऐवजी मी उडायचं?"

क्रुमने खिशातून खरा फ्यूज काढला. खिशातच होता, बघा!

काकूंनी तो बसवून घेतला आणि मला विकत घेतलं. त्यांच्या घरी टेबलावर एक पिवळा, आकड्यांचा मीटर ऐटीत बसला होता. काकूंच्या दिरांनी, मानोल यांनी भेट दिलेला. मला तो बघताक्षणीच आवडला नाही. जळत होतो म्हणा हवं तर.

काकूंनी रेडिओचा प्लग काढला. पण मित्रांनो, अशा रेडिओच्या पोटातला कपॅसिटर त्यानंतरही वीज धरून बसतो. तिला हात लागला तर जिवावर बेततं. मदतीला आलेल्या मानोलनी पिवळ्याच्या वायरी लावल्या. आकडा आला शून्य.

"घाला हात, वहिनी. चीजची बानित्सा ताटात गार होतेय."

काकूंचा हात पुढे गेला. मला ओरडता येत नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

हात थबकला. "इतक्यात शून्य?" काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि पिवळ्याला लावला. तिथेही शून्य!

"सेल संपला असेल," मानोल म्हणाले.

"मग घड्याळ काय तुम्हाला घाबरून चालत होतं?"

पिवळ्याची वायर आतून तुटलेली निघाली. मग काकूंनी मला उचललं. वाटलं, आता आपली आरतीच! पण छे, मलाही आधी त्याच सेलला लावलं. खरं सांगतो, मला राग आला. काटा हलला, तेव्हा कुठे खटका फिरवून त्यांनी मला रेडिओला लावलं. काटा थेट तीनशे व्होल्टपाशी गेला. मानोलनी पिवळा उचलून बाजूला ठेवला.

काकूंनी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा केला आणि पुन्हा मोजलं. काटा शून्यावर आला. तरी त्यांनी मला परत सेलला लावलं.

"आता कशाला? तो खरा निघाला की!" मानोल म्हणाले.

"मोजता मोजता मेला असला तर?"

माझा राग तिथेच पळाला. माझ्याइतकं संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, आमच्या वायरी ओढू नका. आणि मी जुना, नेमका म्हणून माझ्यावर विसंबू तर मुळीच नका. मीही कधीतरी मरणार आहे. त्या दिवशीही माझा काटा शून्यच दाखवेल.