भिंतीलगतची खुर्ची

"अहो, उठा ना आता! तुमचं झालंय की कधीचं!"

जयमाला बाई बँकेतल्या नंदकिशोरना म्हणत होत्या, आणि ते ऐकूच न आल्यासारखे चहा ढवळत होते. भांडण भिंतीलगतच्या खुर्चीवरून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या हॉटेलातला बशा वाहणारा रबरी पट्टा बाहेर यायचा तो तिथेच. पुढे ओळीने बाकीच्या खुर्च्या, मग वळसा घेऊन पट्टा पुन्हा आत. सगळ्यांना पहिलीच खुर्ची हवी. दुसऱ्यांच्या नाकापुढून गेलेलं कोण खाणार?

ही कल्पना आमच्या ह्यांची, फजलभाईंची. बोटीवर खानसामा असताना ओसाकाला म्हणे त्यांनी असं हॉटेल पाहिलं. भाताच्या घासावर कच्चा मासा, आणि बशा आपोआप गिऱ्हाइकापुढून फिरतात. कच्चा मासा म्हटल्यावर मला तर ती सगळी थापच वाटली. पण ह्यांनी तुर्भ्याच्या बंद पडलेल्या बिस्कीट कारखान्यातून पट्टा आणला, वाशीत गाळा घेतला, आणि मी भाताच्या गोळ्यावर तळलेला बोंबील ठेवून बशा सोडायला लागले. कुरकुर केली नाही. वर्षातले दहा महिने नवरा पाण्यावर, असला संसार पुरे झाला होता मला. हॉटेल चाललं तर हे घरी राहणार होते, बस्स.

"फजलभाई, ही बशी मघाशी गेली होती ना?" लोक विचारायचेच.

"अल्लाकसम! परत आलेली बशी मी पुन्हा सोडत नाय. आत आली की माल सरळ बादलीत."

मलाही खरं वाटायचं. मी शेगडीपुढे, परतीची खिडकी ते सांभाळायचे. पण एकदा बादलीकडे लक्ष गेलं. गिऱ्हाईक बेताचं, बशा ढीगभर परत येतात, आणि बादली कोरडी कशी? विचारलं तर म्हणाले, "मांजराला घातलं." आमच्या गाळ्याच्या मागे मांजर मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला.

तर त्या दिवशी नंदकिशोर उठेचनात. शेवटी बाई खिडकीतून मला म्हणाल्या, "रशिदाभाभी, तुमच्याकडे बघून बसते हां मी तिसऱ्या खुर्चीवर!"

मी हसले, आणि शेगडी बारीक करून बघत उभी राहिले. पार टोकाला एका साहेबांनी बोंबील बोटाने दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि बशी पट्ट्यावर परत ठेवली. बशी आत आली. ह्यांनी बोंबील उलटा केला, वर लिंबू पिळलं आणि बशी पुन्हा सोडून दिली.

"अहो! काय करताय काय?"

"हळू बोल. जपानात फिरतच असतं, कोन विचारत नाय."

"मग कसम कशाला खाल्लीत?"

तोवर बशी नंदकिशोरच्या पुढून गेली आणि बाईंनी उचलली. मी हात पुसत बाहेर धावले.

"बाई, नका खाऊ. फिरून आलंय ते. कुणाचा तरी हात लागलाय."

बाईंनी बशी ठेवली, पर्स उचलली. मग एकेक जण उठला. सगळ्यात शेवटी नंदकिशोर. फिरून आलेली बशी आधी त्यांच्याच पुढे येत होती, हे तेव्हा त्यांना कळलं असावं.

गाळ्याला कुलूप लागलं. पुढच्या महिन्यात ह्यांना बोटीवरून बोलावणं आलं. आलं कसलं, ह्यांनीच मागून घेतलं.

बॅग भरताना म्हणाले, "तू खरं बोललीस, रशिदा. पन मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्ही 'हळू बोल' म्हणालात."

ते थोडेसे हसले. मला रडू फुटलं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा धावतच बाहेर जाईन, हेही मला ठाऊक होतं.

टॅक्सी गेली. हॉटेल काढल्यापासून गाळा आवरून हे रात्री कधीही घरी टपकायचे, म्हणून दाराची वरची कडी मी लावतच नसे. मी वर आले, दार लोटलं आणि कडी लावली. भरदुपारी.